हिरव्या टोपीची विल्हेवाट

ही टोपी मला नेमकी कितीला पडली ते आधी सांगतो, म्हणजे पुढची वाटणी समजायला सोपी जाईल. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, जी आता चहाच्या कपाचा कान धरताना एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. वरचे पुढचे दात. एक बरगडी, जी हवा पालटायच्या आदल्या दिवशी मला कळवते. परगण्याच्या अंतिम सामन्याचे पदक, जे माझ्या गळ्यात पडायचे ते आमच्यातल्या कोणाच्याच गळ्यात पडले नाही. आणि आईच्या घरचे रविवारचे जेवण, जे त्यानंतर कधी नुसते जेवण राहिले नाही. एवढे देऊन हिरव्या मखमलीची, सोनेरी गोंड्याची एक टोपी मिळाली. ती माझ्या डोक्यात बसत नाही.

मी, थॅडियस हर्न, वय बासष्ट, धंदा रंग, खिळे आणि भिंतीचे कागद विकण्याचा, राहणार वॉटरफर्ड, आयर्लंड, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टर तसे म्हणत नाहीत, पण मृत्युपत्राला डोकेच लागते. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आयुष्यभरात ज्यांनी दबाव आणून पाहिला त्यांची नावे आपापल्या कलमात येतील. याआधी मी जे काही लिहून ठेवले असेल ते रद्द समजावे. त्यात मी काही लोकांबद्दल बरे बोललो होतो.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी एकुलती एक मुलगी असुम्प्टा हिने करावी. ती औषधांचे दुकान चालवते आणि लोकांना नको असलेली गोष्ट गोड बोलून गिळायला लावण्याचा तिला सराव आहे. माझ्या वकील मिस टोबिन तिला मदत करतील. मजकूर लिहून घेताना मिस टोबिननी मला दोनदा अडवले, त्याची नोंद इथे करतो. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "मिस्टर हर्न, 'ढोंगी' हा शब्द मृत्युपत्रात चालत नाही."

मी म्हटले, "मग 'माझा मेहुणा' असं लिहा."

दुसऱ्यांदा काय म्हणाल्या ते कलम सातमध्ये आहे.

कलम दुसरे. टेकडीवरचे घर आतल्या सामानासकट, आणि धक्क्याजवळचे दुकान मालासकट, दोन्ही असुम्प्टाला. यातले काहीही मला कोणी आयते दिलेले नाही. चौदाव्या वर्षी मी बेकनच्या कारखान्यात लागलो. कापलेली डुकरे वाफेतून बाहेर यायची, ओली, साबणाच्या वडीसारखी, आणि ती तंगड्यांना धरून आकड्यावर चढवायचे काम माझ्याकडे होते. एक निसटले तर मुकादम आईवरून शिवी द्यायचा, दुसरे निसटले तर घरी पाठवायचा. माझे निसटत नसे. पुढे मोठमोठे वार्ताहर माझ्या हातांच्या ईश्वरी देणगीबद्दल लिहू लागले. त्या सगळ्यांना मी कारखान्यात येऊन बघा म्हणत असे. एकही आला नाही, वासामुळे.

खेळ सुटल्यावर दुकान काढायचे ठरवले तेव्हा बँकेचे मॅनेजर म्हणाले, "गोलरक्षकाला धंद्यातलं काय कळणार?"

मी म्हटले, "आत काय येतंय त्यावर नजर ठेवायची. दुसरं काय असतं धंद्यात?"

कर्ज मिळाले नाही. दुकान मी कोळशाच्या एका जुन्या वखारीत सुरू केले. त्या बँकेच्या शाखेला आज रंग माझ्याकडून जातो. त्यांना उधारी द्यायची नाही, हा नियम असुम्प्टाने माझ्यामागेही पाळावा.

कलम तिसरे. डॉकसाइड रोव्हर्स या फुटबॉल क्लबने करंडक जिंकल्यावर दिलेले भिंतीवरचे घड्याळ. तेव्हाचे अध्यक्ष मिस्टर कडिही यांनी आम्हा प्रत्येकाला एकेक दिले आणि प्रत्येकाशी हस्तांदोलन करताना फोटोवाल्याकडे पाहिले. माझ्याशी करताना त्यांनी विचारले, "तू कोणत्या जागेवर खेळतोस रे?" त्या दुपारी मी त्यांच्याच खुर्चीसमोरच्या गोलात उभा होतो. हे घड्याळ टकटक आवाज करते, पण काटे हलत नाहीत. ते मिस्टर कडिहींच्या चिरंजीवांना द्यावे, जे सध्या नगरपालिकेत निवडून आलेले आहेत. त्यांना ते सभागृहात लावता येईल. तिथे त्याचा वेगळेपणा कोणाच्या लक्षात येणार नाही.

कलम चौथे. माझी गोलरक्षकाची लोकरी जर्सी आणि लोकरी हातमोजे. जर्सी पावसात भिजली की एखादे शेळीचे करडू अंगावर घेऊन उडी मारल्यासारखे व्हायचे. हातमोजे माझी बहीण फिलोमिना हिने विणलेले आहेत. चेंडू ओला असेल तेव्हाच ते घालायचे, कारण कोरड्या दिवशी हातमोजे घालणाऱ्या गोलीला आमच्याकडे लोक विचारायचे, "बाळंतीण आहेस का?" दोन्ही वस्तू डॉकसाइड रोव्हर्सच्या सध्याच्या गोलरक्षकाला द्याव्या. तो हातभर रुंदीचे रबरी पंजे घालून खेळतो आणि तरीही चेंडू ठोसा मारून घालवतो. एकदा त्याने हे हातमोजे घालून चेंडू धरून पाहावा. बोटे मोडतील, पण चेंडू म्हणजे काय ते कळेल.

समुद्रापलीकडच्या, लँकेशायरमधल्या ज्या क्लबने मला एक हिवाळा नेले होते, त्यांना काही ठेवलेले नाही. त्यांच्या मॅनेजरने तो सबंध हिवाळा मला 'पॅडी' अशी हाक मारली, जी इंग्रज सरसकट सगळ्या आयरिशांना मारतात, आणि निरोप देताना माझ्या हाती दुसऱ्याच एका पॅडीची बॅग दिली. ती मी परत पाठवली. माझी आलेली नाही.

कलम पाचवे. हत्यारे. भिंतीला कागद लावायचे लांब टेबल, ब्रश, ओळंबे, कात्र्या, हे सगळे दुकानाबरोबरच असावे. माझी लाकडी शिडी माझा मेहुणा बार्टल क्वान याच्याकडे आहे. फिलोमिनाच्या लग्नाच्या वर्षी गळकी पन्हळ दुरुस्त करायला म्हणून त्याने ती नेली. ती त्याला दिली असे कोणी समजू नये. ती परत मागावी.

कलम सहावे. बँकेतली शिल्लक असुम्प्टाची. आकडा इथे लिहीत नाही, कारण हा कागद कडिहीही वाचतील.

कलम सातवे. आता टोपी. हे कलम लांब आहे. मिस टोबिननी ते लहान करायला सांगितले. मी म्हटले, कलम लहान करता येईल, बार्टल क्वानला लहान करता येणार नाही.

मी किलमोरन पॅरिशचा, म्हणजे किलमोरनच्या चर्चच्या हद्दीतला. लहानपणापासून पॅरिशच्या संघातून गेलिक फुटबॉल, म्हणजे आमचा हातापायांनी खेळायचा देशी खेळ, खेळलो, तेही गोलातच. आणि रविवारी दुपारी नदी ओलांडून डॉकसाइड रोव्हर्सकडून सॉकर, ज्याला बाकीचे जग नुसते फुटबॉल म्हणते. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती विचारतात, "मग त्यात काय झालं?" झाले असे की त्या काळी देशी खेळांच्या संघटनेचा नियम होता: जो सभासद सॉकर खेळेल, किंवा नुसता उभा राहून पाहील, तो बाहेर. सॉकर परक्यांचा, म्हणजे इंग्रजांचा. नियम मोडणारे सापडावेत म्हणून ठिकठिकाणी पाळत समित्या होत्या. समितीतली माणसे कोटाची कॉलर वर करून, टोपी डोळ्यांवर ओढून सॉकरच्या मैदानावर जात, आपल्यातले कोण कोण आले आहे ते टिपत आणि मंगळवारच्या बैठकीत सांगत. म्हणजे अख्ख्या पॅरिशमध्ये सॉकर पाहायचा परवाना फक्त अशाच माणसांना, ज्यांना सॉकर डोळ्यांसमोर नको होता. निदान त्यांचे म्हणणे तसे होते.

वर्तमानपत्रात रोव्हर्सच्या संघाची नावे येत तेव्हा माझ्या जागी 'अन्य एक' असे छापत. तीन हंगाम मी अन्य एक होतो. अन्य एकाने अप्रतिम झेप घेतली. अन्य एकाला डोक्यावर टाके पडले. आई ती कात्रणे कापून पिठाच्या डब्याखाली ठेवायची आणि म्हणायची, "हा अन्य एक कुणाचा का असेना, त्याच्या आईच्या जिवाला घोर असेल."

बार्टल क्वान पाळत समितीत होता. शाळेत मास्तर, समितीत डोळा, आणि फिलोमिनाच्या मागे. गोलात उभे राहणाऱ्याला एक गोष्ट कळते जी बाकीच्या दहा जणांना कळत नाही. समोरचे सगळे लांब असते, पाठीमागचे सगळे कानात असते. कोणाची बायको माहेरी गेली, कोणाचा बैल मेला, मला किती प्यायची सवय आहे, सगळे मी गोलात उभा राहून ऐकलेले आहे. क्वानच्या पुढच्या दातांत फट आहे आणि तिच्यातून त्याच्या बोलण्याला बारीक शीळ लागते. पहिल्याच हंगामात मी ती शीळ ओळखली. तो दर रविवारी माझ्या गोलामागे असायचा. मध्यंतरानंतर मी पलीकडच्या गोलात गेलो की तोही मैदानाला वळसा घालून पलीकडे. लोकांची तोंडे टिपायला आलेला माणूस गोलाबरोबर कशाला फिरेल, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते. मला वाटले, माझ्यावर डूख धरून आहे.

संध्याकाळी आम्ही दोघेही आईकडे जेवायला. डुकराचे खारे मांस, कोबी, बटाटे. एका रविवारी आईने दारातच दोघांचे बूट पाहिले.

"कुठून आलात रे?"

"आजारी मित्राला भेटायला गेलो होतो," मी म्हटले.

"मी चर्चमध्ये होतो, काकू," क्वान म्हणाला.

"दोघांच्या बुटाला चिखल एकच दिसतोय," आई म्हणाली. "देवाच्या दारात बराच चिखल झालाय म्हणायचा. आणि तुझा मित्र, थॅडी, शेतात झोपतो वाटतं. बूट बाहेर काढा आणि आत या, बटाटे निवतायत."

फिलोमिना हसू दाबायला ओट्याकडे वळली. क्वानने ताटात डोके घालून बटाटे सोलले. मीही तेच केले. असे तीन हंगाम चालले, आणि त्याने माझे नाव मंगळवारी घेतले नाही. कारण उघड होते. फिलोमिनाने अजून हो म्हटलेले नव्हते.

मग एकावन्न साली करंडकाचा उपांत्य सामना आला. बरोबरी होती, खेळ संपत आला होता आणि आमच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली. मारणारा होता डब्लिनकडचा एक लालबुंद मानेचा गडी, ज्याने त्या वर्षात एकही चुकवलेली नव्हती. तो चेंडू ठेवून मागे गेला. मैदान गप्प. आणि मागून, अगदी कानाशी, शीळ घातल्यासारखा आवाज आला.

"डावीकडे, थॅडी. डावीकडे."

मागच्या माणसाची डावी ती माझी डावी. मी डावीकडे उडी घेतली आणि चेंडू माझ्या छातीवर आदळला. तो मी धरला, सोडला नाही. पुढचा गलका विरायच्या आत मागून दुसरा आवाज ऐकला.

"अहो मास्तर, तुम्ही? तुम्ही ओरडलात?"

आणि क्वान म्हणाला, "मी कामावर आहे."

विचारणारा आमच्याच पॅरिशचा, चोरून सामना पाहायला आलेला. आता क्वान अडकला. तो गप्प राहिला असता तर दुसऱ्या दिवशी सबंध किलमोरनमध्ये झाले असते की मास्तर सॉकरच्या मैदानावर उड्या मारत होते. म्हणून मंगळवारी तो उभा राहिला आणि माझे नाव दिले. रविवारी पेनल्टी अडवून दिली, मंगळवारी दार दाखवले.

बैठकीला मलाही बोलावले होते. पॅरिशच्या सभागृहावरची खोली, चुलीचा धूर, आणि समोर पाच माणसे, ज्यांतली तीन माझ्याकडून दर उन्हाळ्यात अंतिम सामन्याची तिकिटे मागून न्यायची. अध्यक्षांनी क्वानला विचारले, "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी कामावर होतो," क्वान म्हणाला. "चेंडूकडे मी पाहिलंच नाही. तोंडं पाहिली. परक्या खेळातला एकसुद्धा फटका मी आजवर हौसेनं पाहिलेला नाही, आणि पाहणारही नाही."

हे वाक्य त्याने पुढे आयुष्यभर सांभाळले. लग्नात सांगितले, बारशाला सांगितले, शाळेच्या बक्षीस समारंभात सांगितले.

मला दोन वर्षांसाठी बाहेर काढले. परगण्याचा गेलिक अंतिम सामना तोंडावर आला होता. स्वतःच्या हाताने स्वतःचा गोलरक्षक हाकलून या शहाण्यांनी त्या जागी धाकट्या पाद्रींच्या पुतण्याला उभे केले. तो मुलगा पुस्तके चांगली वाचायचा. पहिला गोल त्याच्या पायांमधून गेला, दुसरा डोक्यावरून, आणि तिसऱ्याच्या वेळी तो वाऱ्याने उडालेली टोपी आणायला गेला होता. किलमोरन हरले. रस्त्यात लोक मला म्हणाले, "थॅडी, तू आम्हाला बुडवलंस." समितीला कोणी काही म्हटले नाही. त्यांनी नियम पाळला होता.

हाकलल्याचा एक फायदा झाला. लपायचे कारण उरले नाही, आणि वर्तमानपत्रात 'हर्न' छापून येऊ लागले. ती पेनल्टी निवड समितीच्या कानावर गेली होती. त्या काळी देशाचा संघ निवडायला एक शिंपी, एक मयतांच्या पेट्या करणारा आणि तसलीच आणखी माणसे बसत. त्यांतल्या पेटीवाल्याने म्हणे माझ्या उंचीची चौकशी केली होती, ती कोणत्या कारणाने हे मला अजून कळलेले नाही. त्रेपन्न साली डब्लिनला मी आयर्लंडकडून खेळलो. समोरचा देश कोणता ते इथे लिहीत नाही, कारण त्याचे नाव घेतले की लोक माझे सोडून त्यांच्या मध्यरक्षकाचे कौतुक करू लागतात. देशासाठी खेळलो आणि माझ्यावर एकही गोल झाला नाही. हे मी तेव्हापासून सांगत आलो आहे, रंगाच्या डब्याला दोरी बांधून देतानासुद्धा. क्वान समोर असला की तो हे ऐकताना ताटाकडे बघतो. जळतो, दुसरे काय.

देशाकडून खेळणाऱ्याला मानाची म्हणून देतात ती टोपी ही. पुढे एकाहत्तर साली संघटनेने तो नियम स्वतःच काढून टाकला. रात्रीत सगळे सॉकरचे जुने मित्र निघाले. आता किलमोरनमध्ये नवे क्रीडाभवन झाले आहे, काचेची कपाटे आली आहेत, आणि भवन समितीचा अध्यक्ष आहे निवृत्त मास्तर बार्टल क्वान. गेल्या वर्षी तो माझ्याकडे आला, जेवणाच्या वेळीच, आणि म्हणाला, "थॅडी, समितीची इच्छा आहे की टोपी भवनात असावी. खाली पितळी पाटी. 'किलमोरनचा सुपुत्र.'"

मी म्हटले, "सुपुत्राला तुम्ही हाकलला होतात."

"तो नियम होता."

"नियम तूच वाचून दाखवलास."

"ते जुनं झालं."

"मीही जुना झालोय. माझ्या लक्षात आहे."

म्हणून टोपीची व्यवस्था अशी करतो. टोपी किलमोरनच्या क्रीडाभवनाला द्यावी, एका अटीवर. भवनाच्या उद्घाटनाला, सगळ्या पॅरिशसमोर, पाद्री आणि कडिहींच्या चिरंजीवांसकट, बार्टल क्वान याने उभे राहून स्वतःच्या तोंडाने सांगावे: मी हौसेने गोलामागे उभा होतो, आणि 'डावीकडे' मीच ओरडलो. एवढेच. माफी नको. माफी त्याला सोपी जाते, मास्तर आहे. ही अट पुरी झाली नाही तर टोपी धक्क्यावरच्या 'अँकर' या दारूच्या गुत्त्याला द्यावी, आणि त्यांनी ती बाण मारायच्या फळीवर टांगावी.

इथे मिस टोबिन दुसऱ्यांदा अडल्या. "मिस्टर हर्न, हा वारसा नाही. हा सूड आहे."

मी विचारले, "फी वेगळी पडते का?"

त्या म्हणाल्या, "नाही." मग लिहून घेतले.

कलम आठवे. फिलोमिना गेल्या वसंतात गेली. जाण्याआधी तिने मला जवळ बोलावून सांगितले, "दादा, तो रविवारी तुझ्याकडे येईल. त्याला हाकलू नकोस. त्याला बटाटेसुद्धा उकडता येत नाहीत." तिच्या शब्दाखातर मी त्याला दर रविवारी जेवू घालतो. तो येतो, बूट दाराबाहेर काढतो, जेवतो, माझ्या स्वयंपाकाला नावे ठेवतो आणि जातो. असुम्प्टाने हे माझ्यामागे चालू ठेवावे अशी माझी इच्छा आहे. ही इच्छा आहे, वारसा नव्हे. कारण कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही, आणि क्वान या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे.

ते असे झाले. मागच्या रविवारी बटाटे सोलता सोलता मी त्याला विचारले.

"बार्टल, साक्षीदार म्हणून एक सही करशील?"

"कशावर?"

"माझ्या मृत्युपत्रावर."

"मरतोयस का?"

"सवडीनं."

"साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणतात."

"बरोबर ऐकलंस."

"मग मीठ इकडे कर."

नंतर मी त्याला टोपीची अट सांगितली. त्याने काटा खाली ठेवला.

"मी असलं काही बोलणार नाही."

"मग टोपी अँकरमध्ये जाईल."

"अँकरमध्ये? ती माणसं तिच्यात राख झाडतील, थॅडी."

"झाडू देत."

"अरे, देशाची टोपी आहे ती."

"परक्या खेळाची आहे. तुला काय त्याचं?"

तो उठला, बूट घातले आणि निघून गेला. ताटात अर्धे मांस तसेच होते. असे त्याने यापूर्वी कधी केले नव्हते. मला वाटले होते बरे वाटेल. मांस मांजराने खाल्ले.

सही करायला तो येणार आहे की नाही हे हे कलम लिहिताना मला ठाऊक नाही. आला नाही तर मिस टोबिनच्या कचेरीतल्या कारकुनाची सही घ्यावी आणि वरची काही वाक्ये खोडावीत. अट खोडू नये.

कलम नववे. अंत्यविधी. मला माझ्या बायकोशेजारी, डीलियाशेजारी, पुरावे. पुरण्याआधीच्या जागराच्या रात्री आलेल्यांना खायला-प्यायला भरपूर द्यावे, पण कडिहींच्या चिरंजीवांना भाषण करू देऊ नये. ते उभे राहिलेच तर कोणीतरी गाणे सुरू करावे. पेटी उचलायला रोव्हर्सचे जे जुने गडी उरले असतील ते यावेत. बचावफळीतल्यांनी पायांकडची बाजू धरावी. डोके त्यांच्या भरवशावर सोडून मी एकदा पाहिलेले आहे. दगड साधा असावा, काळा, चकचकीत नको. त्यावर नाव, साल, आणि खाली एवढेच कोरावे: 'आयर्लंडकडून खेळला. एकही गोल होऊ दिला नाही.'

एवढे लिहून मी थांबतो. वर ज्यांच्याबद्दल वाईट लिहिले आहे ते विचारपूर्वक लिहिले आहे, आणि ज्यांच्याबद्दल काहीच लिहिलेले नाही त्यांनी खुश राहावे.

स्थळ: मिस टोबिन यांची कचेरी, वॉटरफर्ड.
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८९.

सही: थॅडियस हर्न

वरील सही मिस्टर हर्न यांनी आम्हा दोघांच्या देखत केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्या देखत व एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

साक्षीदार पहिली: ऑनर टोबिन, वकील. मिस्टर क्वान ठरलेल्या वेळेच्या आधीच येऊन बाहेर बसले होते, येताना शिडी घेऊन आले होते, आणि सही करण्यापूर्वी त्यांनी सबंध मजकूर वाचायला मागितला व मिस्टर हर्न यांनी तो वाचू दिला, एवढे मी नमूद करते. पुढील मजकूर मिस्टर क्वान यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिला आहे. तो मृत्युपत्राचा भाग नाही, हे मी दोघांनाही सांगितले. दोघांनीही तो तसाच राहू द्या असे म्हटले.

साक्षीदार दुसरा: बार्थोलोम्यू क्वान, निवृत्त शिक्षक, किलमोरन.

'डावीकडे' मीच ओरडलो. उद्घाटनाला तसे सांगेन. टोपी अँकरमध्ये जाऊ नये.

कलम नऊमधल्या दगडाबद्दल. दगडावर कोरलेले खोडता येत नाही म्हणून लिहितो. डब्लिनच्या त्या सामन्याला आमच्या समितीचे काही काम नव्हते. मी स्वतः तिकीट काढून गेलो होतो आणि गोलामागे उभा होतो. पहिल्या गोलरक्षकाचा गुडघा दुखावल्यावर अगदी शेवटी हर्न मैदानात उतरला. चेंडू त्याच्याकडे एकदाच आला, तोही आपल्याच माणसाने मागे दिलेला.